मूठभर चिंचोक्यांतून नवा खेळ

नागपूर जिल्ह्यातल्या पारशिवनी तालुक्याच्या उत्तर अंगाला पेंचचे जंगल आहे. १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यान आणि १९९९ मध्ये व्याघ्र प्रकल्प झालेल्या या जंगलाच्या कडेला ज्यांची वावरे आहेत, त्यांना वाघ आणि शेळी यांचे नाते पुस्तकातून शिकावे लागत नाही. कळपामागे एकटी राहिलेली शेळी म्हणजे काय, हे इथल्या गुराख्याच्या पोरालाही ठाऊक असते. हेच नाते फार पूर्वी कुणीतरी जमिनीवर रेघा ओढून खेळात उतरवले. जिच्या पाठीमागची जागा रिकामी, ती शेळी वाघाने उडी मारून उचलायची. जिच्या पाठीशी दुसरी शेळी उभी, तिला वाघाने हात लावायचा नाही. एवढ्या एका नियमावर वाघ-बकरीचा सगळा खेळ उभा आहे.

हा नियम पहिल्यांदा ठरवणाऱ्याचे नाव कुणी लिहून ठेवलेले नाही. पण त्याने काय केले असेल ते ओळखता येते. आजूबाजूला पाहिले, एक नियम ठरवला, सोबत्यांशी खेळून पाहिला आणि जिथे अडले तिथे बदलला. हे काम आजही कुणालाही जमण्याजोगे आहे. शाळेतल्या मुलांना, त्यांच्या शिक्षकांना आणि सुट्टीत नातवंडांना घेऊन बसणाऱ्या आजीलाही. सोंगट्यांच्या उड्या आणि सोंगट्यांची मांडणी यांवर आधारलेले खेळ आणि कोडी स्वतः कशी रचावीत, ते या लेखात पायरीपायरीने पाहू. सामान म्हणून खडू, गुळगुळीत ओटा आणि मूठभर चिंचोके पुरेत. चिंचोके फोडून दोन भाग केले की पांढरी आणि तपकिरी अशा दोन बाजू आयत्याच मिळतात.

आधी जुने पट नीट पाहा

नवा खेळ रचायचा असेल तर आधी जुना खेळ सुटा करून पाहावा. आपल्याकडे तशी परंपरा आहे. औरंगाबादच्या हरिकृष्ण यांनी १८७१ च्या सुमारास ‘क्रीडाकौशल्य’ या संस्कृत ग्रंथात अनेक बैठ्या खेळांचे नियम लिहून ठेवले. पुढे १९२० च्या दशकात हेमचंद्र दासगुप्ता या भूशास्त्राच्या प्राध्यापकांनी मध्य प्रांतातल्या बैठ्या खेळांचे पट टिपून प्रसिद्ध केले. पारशिवनी तेव्हा याच मध्य प्रांतात होती. जमिनीवर खड्याने ओढलेल्या त्या रेघांची दखल घ्यावी, असे एका शास्त्रज्ञाला वाटले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

चार खेळ निवडा आणि प्रत्येकाचा एकच कणा शोधा.

वाघ-बकरीचे पट गावोगाव वेगळे आहेत. नेपाळमध्ये ‘बाघ-चाल’ नावाने खेळल्या जाणाऱ्या प्रकारात २५ बिंदूंचा पट, ४ वाघ आणि २० शेळ्या असतात. शेळ्या एकेक करून मांडायच्या, वाघांनी सुरुवातीपासून फिरायचे. पाच शेळ्या मारल्या तर वाघ जिंकले, सगळे वाघ कोंडले गेले तर शेळ्या जिंकल्या. या खेळाचा कणा म्हणजे असमान बळ. दोन्ही बाजूंच्या सोंगट्या वेगळ्या, चाली वेगळ्या आणि जिंकण्याच्या अटीही वेगळ्या.

नवकंकरीत एकात एक तीन चौकोन, २४ बिंदू आणि प्रत्येकी ९ कंकर. आधी सगळे मांडायचे, मग सरकवायचे. तीन एका रेषेत आले की समोरच्याचा एक उचलायचा. काही घरांत शेवटचे तीन उरले की त्यांना पटावर कुठेही उडण्याची मुभा देतात. या खेळाचा कणा म्हणजे टप्पे. मांडण्याचा टप्पा, सरकण्याचा टप्पा आणि हवा असेल तर उडण्याचा टप्पा.

ब्रेनविटा बहुतेक घरांत कधी ना कधी येऊन गेलेला असतो. ३३ खळगे, ३२ गोट्या, मधला खळगा रिकामा. उडी मारायची, खालची गोटी उचलायची, शेवटी एकच गोटी ठेवायची. इथे प्रतिस्पर्धी नाही. कणा म्हणजे माणूस आणि पट यांची झुंज.

चौथा ‘हाल्मा’. बोस्टनच्या जॉर्ज हॉवर्ड मंक्स या शल्यचिकित्सकाने १८८० च्या दशकात तो रचला. यात उडी मारली तरी खालची सोंगटी उचलत नाहीत. उडी हे केवळ लवकर पलीकडे पोचण्याचे साधन. १८९२ मध्ये जर्मनीत कुणीतरी हीच उडी चौकोनी पटावरून चांदणीच्या आकाराच्या पटावर नेली आणि आज दुकानात ‘चायनीज चेकर्स’ म्हणून मिळणारा खेळ तयार झाला. चाल तीच, पट नवा. एवढ्या बदलातून जगभर खेळला जाणारा खेळ निघाला.

या चारही खेळांतून एकच धडा मिळतो, आणि या लेखाचाही तोच गाभा आहे. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि लगेच खेळून पाहा. पट, सोंगट्या, चाल आणि शेवट हे सारे एकदम नवे केले, तर खेळ कशामुळे बिघडला ते कळत नाही, आणि साधला तर कशामुळे साधला तेही कळत नाही.

उडीला पाच प्रश्न विचारा

उडीचा खेळ रचताना वहीच्या पानावर पाच प्रश्न लिहा आणि उत्तरे पक्की झाल्यावरच पट आखा.

पहिला प्रश्न, उडी कुणावरून? फक्त समोरच्याच्या सोंगटीवरून, फक्त स्वतःच्या, की दोघांच्याही? स्वतःच्या सोंगटीवरून उडी चालत असेल तर आपल्या सोंगट्या एकमेकींच्या पायऱ्या होतात आणि खेळाडू त्या जोडीने पुढे नेतो. फक्त समोरच्याच्या सोंगटीवरून चालत असेल, तर त्याच्या जवळ जाणे हेच भांडवल आणि हाच धोका.

दुसरा, खालची सोंगटी उचलायची की नाही? उचलली तर पट रिकामा होत जातो आणि खेळ आपोआप संपतो. नाही उचलली तर खेळ संपण्याची वेगळी सोय करावी लागते. हवाई बेटांवरचा ‘कोनाने’ हा खेळ पहिल्या प्रकारातला. काळ्या-पांढऱ्या खड्यांनी पट गच्च भरायचा, दोन खडे काढून जागा करायची आणि मग आळीपाळीने समोरच्याच्या खड्यावरून उडी मारून तो उचलायचा. ज्याला उडीच उरली नाही तो हरला. नियम एवढेच, पण शेवट चुकत नाही.

तिसरा, उडी दिसत असेल तर मारलीच पाहिजे का? सक्ती ठेवली तर आपली एक सोंगटी मुद्दाम पुढे करून समोरच्याला आडवाटेला नेता येते. सक्ती नसेल तर खेळ सावध आणि संथ होतो.

चौथा, एका खेळीत किती उड्या? सलग उड्यांना परवानगी दिली की मुले रंगून जातात, कारण एकाच खेळीत पटाचे चित्र पालटते. मात्र पट लहान असेल तर तीच मुभा खेळ लवकर संपवते.

पाचवा, दिशा कोणती? इथे एक बारीक गोष्ट आहे. उडी नेहमी दोन घरांची असते. त्यामुळे केवळ सरळ उड्या मारणारी सोंगटी पटावरच्या पावच घरांवर पोचू शकते. पहिल्या घरातून निघालेली तिसऱ्यात, पाचव्यात जाईल. दुसऱ्या घरात तिचा पाय कधीच पडणार नाही. ओळींचे आणि रकान्यांचे सम-विषम धरून पटाचे असे चार अदृश्य गट पडतात. सोंगटीला गट बदलायचा असेल तर एक घर सरकण्याची चाल द्यावी लागते. ती द्यायची की रोखून धरायची, यावर तुमच्या खेळाचा स्वभाव ठरेल.

पहिला सराव: धुऱ्यावरच्या शेळ्या

आता हातात चिंचोके घ्या. दोन वावरांमधल्या अरुंद धुऱ्यावर समोरासमोर शेळ्या आल्या आहेत, असे समजा. एका ओळीत पाच घरे आखा. डावीकडच्या दोन घरांत दोन तपकिरी, उजवीकडच्या दोन घरांत दोन पांढऱ्या, मधले घर रिकामे. तपकिरी फक्त उजवीकडे, पांढऱ्या फक्त डावीकडे. रिकाम्या घरात एक पाऊल सरकता येते, किंवा दुसऱ्या रंगाच्या एका शेळीवरून पलीकडच्या रिकाम्या घरात उडी मारता येते. मागे फिरायचे नाही. दोन्ही जोड्यांनी जागा बदलायच्या.

घरांना डावीकडून १ ते ५ असे क्रमांक दिले तर उत्तर असे आहे: २ वरची ३ वर, ४ वरची २ वर, ५ वरची ४ वर, ३ वरची ५ वर, १ वरची ३ वर, २ वरची १ वर, ४ वरची २ वर आणि शेवटी ३ वरची ४ वर. एकूण आठ खेळ्या. अडकण्याचे कारण बहुधा एकच असते. एका रंगाच्या दोन शेळ्या वाटेत चुकीच्या वेळी लागून उभ्या राहिल्या की समोरच्यांना उडी उरत नाही.

आता सात घरे आणि तीन-तीन शेळ्या घ्या. खेळ्या पंधरा होतात. हा आकडा आधीच सांगता येतो. प्रत्येक तपकिरी शेळीला प्रत्येक पांढरी पार करावी लागते आणि प्रत्येक वेळी एकच उडी लागते. म्हणजे ३ गुणिले ३, उड्या ९. प्रत्येक शेळीला चार घरे पुढे जायचे आहे, म्हणून सहा शेळ्यांची मिळून २४ घरे. नऊ उड्यांत १८ घरे झाली, उरलेली ६ सरकून. नऊ आणि सहा पंधरा. चार-चार शेळ्यांचे उत्तर याच रीतीने मुलांना काढू द्या. ते २४ यायला हवे.

कोडे रचणाऱ्याला यातून एक सवय लावून घेता येते. कोडे मांडले की त्याचे सर्वांत लहान रूप आधी सोडवावे, मग एकेक पायरी मोठे करावे. वाढत जाणाऱ्या आकड्यांत काही शिस्त दिसली तर कोड्यात दम आहे, असे समजावे.

दुसरा सराव: नदीपलीकडे किती आत?

जमिनीवर चौकड्यांचा मोठा पट आखा आणि मधोमध एक आडवी रेघ ओढा. ही नदी. अलीकडच्या काठावर हव्या तितक्या गोट्या हव्या तशा मांडा. आडव्या किंवा उभ्या उडीने खालची गोटी उचलत जायचे आणि एक गोटी पलीकडच्या काठावर जास्तीत जास्त आत पोचवायची.

पलीकडच्या पहिल्या ओळीत पोचायला दोन गोट्या पुरतात. दुसऱ्या ओळीसाठी चार लागतात. काठाच्या ओळीत सलग तीन आणि त्यांतल्या एका टोकाच्या गोटीमागे चौथी अशी मांडणी करा. मागची गोटी पुढच्या टोकाच्या गोटीवरून पलीकडे जाते. दुसऱ्या टोकाची गोटी मधलीवरून उडून रिकाम्या झालेल्या जागी येते आणि तिथून पलीकडच्या गोटीवरून दुसऱ्या ओळीत पोचते. तिसऱ्या ओळीसाठी आठ गोट्या लागतात, चौथीसाठी वीस. पाचव्या ओळीत मात्र कितीही गोट्या आणल्या तरी पोचता येत नाही.

हे इंग्लंडचे गणिती जॉन कॉनवे यांनी १९६१ मध्ये सिद्ध केले. युक्ती सुंदर आहे. पोचायच्या घराला एक रुपया किंमत द्यायची. तिथून दूर जाताना घरांच्या किमती अशा उतरत्या ठेवायच्या की लागोपाठच्या दोन घरांची बेरीज त्यांच्या अलीकडच्या, लक्ष्याच्या बाजूच्या घराइतकी व्हावी. मग कोणत्याही उडीने पटावरच्या गोट्यांची एकूण किंमत वाढू शकत नाही. लक्ष्य पाचव्या ओळीत धरले तर अलीकडच्या काठावरच्या साऱ्या अनंत घरांची मिळून किंमत बरोबर एक रुपया भरते. आपल्या गोट्या कितीही झाल्या तरी मोजक्याच, म्हणून रुपयाला थोडे कमीच पडते आणि लक्ष्य हुकते.

मुलांना आधी सिद्धता सांगू नका. तिसऱ्या ओळीसाठी झगडू द्या. वीस गोट्या घेऊन कुणी चौथ्या ओळीत पोचले तर त्याचे नाव फळ्यावर लिहा, आणि नंतर पाचव्या ओळीची गोष्ट सांगा. एखादी गोष्ट होणारच नाही, हेही पक्के सिद्ध करता येते, हा अनुभव मुलाला फार लांब घेऊन जातो.

मांडणीची कोडी

मांडणीच्या कोड्यात सोंगटी हलत नाही, म्हणून सगळा जोर अटीवर असतो. चार बाय चारच्या पटावर चार चिंचोके असे ठेवा की कोणतेही दोन एका आडव्या, उभ्या किंवा तिरप्या रेषेत नसावेत. पहिल्या ओळीत दुसरे घर, मग चौथे, मग पहिले, मग तिसरे, हे एक उत्तर. त्याचे आरशातले रूप हे दुसरे. तिसरे नाही. हेच कोडे बुद्धिबळाच्या पटावर आठ वजिरांचे म्हणून प्रसिद्ध आहे. १८४८ मध्ये माक्स बेझेल यांनी ते मांडले आणि त्याची ९२ उत्तरे आहेत.

अट बदलली की नवे कोडे तयार होते. ‘कोणतेही तीन चिंचोके एका रेषेत नकोत’ अशी अट घाला आणि तीन बाय तीनच्या पटावर जास्तीत जास्त किती मावतात ते शोधा. उत्तर सहा. प्रत्येक ओळीत दोनपेक्षा जास्त ठेवता येत नाहीत, म्हणून सहाच्या पुढे जाता येत नाही. पण सहा नेमके कसे ठेवायचे ते शोधताना हात थोडा वेळ अडखळतो, आणि तेवढे अडखळणे कोड्याला हवेच.

मांडणीचा दोघांचा खेळ रचताना एका सापळ्यापासून जपा. पाच बाय पाचच्या पटावर आळीपाळीने सोंगटी ठेवायची, कोणत्याही दोन सोंगट्या शेजारी आल्या नाही पाहिजेत, ज्याला जागा उरली नाही तो हरला, असा खेळ समजा. दिसायला छान आहे. पण पहिल्या खेळाडूने मधल्या घरात सोंगटी ठेवली आणि पुढे समोरचा जिथे ठेवेल त्याच्या बरोबर विरुद्ध घरात ठेवत गेला, तर तो दर वेळी जिंकतो. ही नक्कल करण्याची युक्ती एकदा कळली की खेळ मेला. उपाय सोपा आहे. मधले घर बंद केले तर नक्कल आणखी सोपी होते, म्हणून ते करू नका. एका कोपऱ्यातले किंवा कडेचे घर बंद करा, म्हणजे पटाचा समतोलच मोडतो.

कोडे सुटणारे आहे का?

सुटणार नाही असे कोडे सुटते म्हणून मुलाच्या हाती देणे, हा रचणाऱ्याचा मोठा दोष. ब्रेनविटासारख्या कोड्यांसाठी एक खात्रीची कसोटी आहे. पटावरच्या घरांना तिरप्या रेषांनी लाल, पिवळा, निळा, पुन्हा लाल अशा क्रमाने तीन रंग द्या. सलग तीन घरे, आडवी घ्या की उभी, नेहमी तीन वेगळ्या रंगांची येतील. प्रत्येक उडीत दोन रंगांवरची एकेक गोटी कमी होते आणि तिसऱ्या रंगावर एक वाढते. म्हणजे दर उडीला तिन्ही रंगांवरच्या गोट्यांची संख्या समची विषम आणि विषमची सम होते.

३३ खळग्यांच्या पटावर प्रत्येक रंगाचे ११ खळगे येतात. मधली गोटी काढली की तिच्या रंगाच्या १० आणि इतर दोन्ही रंगांच्या ११ गोट्या. एक सम, दोन विषम. एकच गोटी उरायला ३१ उड्या लागतात, आणि एकतीस वेळा पालटल्यावर मधल्या रंगाची संख्या विषम, इतर दोन्हींच्या सम होतात. म्हणून शेवटची गोटी मधल्या खळग्याच्याच रंगावर उरणार. रंग दुसऱ्या बाजूच्या तिरप्यांनी देऊनही पाहा. दोन्ही कसोट्यांना उतरणारी घरे पाचच आहेत: मधले आणि चारही हातांच्या टोकांवरची मधली घरे. इतर कुठे शेवट मागितला तर कोडे खोटे.

तुमच्या स्वतःच्या पटाला हीच कसोटी लावा. तिला न उतरलेले कोडे बाजूला ठेवा. उतरलेले कोडे सुटेलच असे मात्र समजू नका. ते स्वतः सोडवून, खेळ्या लिहूनच दुसऱ्याच्या हाती द्या.

आता एक पुरा खेळ: पेंचपार

पेंच नदी मध्य प्रदेशातून येते, तोतलाडोह आणि नवेगाव खैरीच्या जलाशयांत थांबते आणि पुढे कन्हानला मिळते. नवेगाव खैरीचे पाणी नागपूर शहरालाही जाते. या नदीवरून खेळ रचायचा तर तिची सगळी माहिती पटावर कोंबण्याचा मोह होतो. तो टाळा आणि एकच गोष्ट नियमात उतरवा. आपण ही गोष्ट घेऊ: एकट्याने नदी ओलांडता येत नाही, दुसऱ्याच्या खांद्याचा आधार लागतो.

पट पाच रकाने आणि सहा ओळींचा. तिसऱ्या आणि चौथ्या ओळीच्या मध्ये नदी. प्रत्येकाच्या हातात सहा सोंगट्या. आपल्या खेळीत तीनपैकी एक करायचे: आपल्या शेवटच्या ओळीत नवी सोंगटी मांडायची, किंवा एक सोंगटी पुढे वा बाजूला एक घर सरकवायची, किंवा लागून असलेल्या कोणत्याही सोंगटीवरून पुढे वा बाजूला उडी मारायची. सलग उड्या चालतील. कोणतीही सोंगटी उचलायची नाही, मागे जायचे नाही. नदी फक्त उडी मारूनच ओलांडता येते. ज्याच्या तीन सोंगट्या समोरच्याच्या शेवटच्या ओळीत आधी पोचतील तो जिंकला.

हा झाला पहिला खर्डा. यात दोष शोधू. समोरच्याने आपल्या शेवटच्या ओळीची पाचही घरे भरून टाकली आणि ती हलवलीच नाहीत, तर? आपल्याला पोचायला जागाच नाही. म्हणून एक नियम वाढवा: आपल्या शेवटच्या ओळीत एका वेळी आपल्या दोनच सोंगट्या असाव्यात. आता तीन घरे तरी आपल्यासाठी मोकळी राहतात. पुढचा दोष, दोघेही आपापल्या काठावर सोंगट्या बाजूबाजूला सरकवत वेळ काढत बसले, तर? म्हणून दुसरा नियम: प्रत्येकाच्या चाळीस खेळ्या झाल्या की डाव थांबवायचा, नदीपार ज्याच्या जास्त सोंगट्या तो जिंकला. कुणाला चालच उरली नाही तर त्याने खेळी सोडावी.

आता खेळून पाहा. आपल्याच दोन सोंगट्या एकामागे एक ठेवल्या की मागची पुढचीवरून नदी ओलांडते. पण पुढची मागेच राहते. तिला आणखी कुणाचा तरी आधार हवा, कधी आपल्याच दुसऱ्या सोंगटीचा, कधी समोरून काठाला आलेल्या सोंगटीचा. म्हणून प्रत्येक खेळीला एकच प्रश्न पडतो: कुणाला पुढे पाठवायचे आणि कुणाला मागे ठेवायचे?

डाव खेळून तपासा

नवा खेळ तीन फेऱ्यांत तपासावा. पहिली फेरी एकट्याने, दोन्ही बाजूंनी स्वतःच खेळून. यात अडकण्याच्या जागा सापडतात. दुसरी फेरी ओळखीच्या माणसाशी, नियम तोंडी सांगून. यात खेळ कंटाळवाणा कुठे होतो ते कळते. तिसरी फेरी सगळ्यांत महत्त्वाची. नियम एका कागदावर लिहून दोन अनोळखी खेळाडूंच्या हाती द्या आणि आपण गप्प बसा. ते जिथे अडतील, जिथे वाद घालतील, ती ओळ पुन्हा लिहा. आपण तोंडाने समजावत राहिलो तर कागदातली उणीव दिसतच नाही.

एक वही ठेवा. प्रत्येक डावासाठी चार गोष्टी टिपा: सुरुवात कुणी केली, कोण जिंकले, किती खेळ्या झाल्या, कुठे वाद झाला. वीस डावांपैकी पंधरा-सोळा पहिल्या खेळाडूनेच जिंकले असतील तर खेळ कलला आहे. त्यावर जुना घरगुती उपाय चालतो, एकाने वाटे करावेत आणि दुसऱ्याने निवडावे. पहिल्याने पहिली खेळी करायची, मग दुसऱ्याने ठरवायचे की ती बाजू आपण घ्यायची का. पहिला आपोआप सावध होतो आणि समतोल साधतो.

बदल करताना वहीत तारीख घाला आणि एका वेळी एकच नियम बदला. देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांनी वह्या-कागदांवर संख्यांशी खेळत ६१७४ या संख्येचा गुणधर्म शोधला. आज ती ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणून ओळखली जाते, आणि १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी गणिती खेळांवरच्या आपल्या गाजलेल्या सदरात त्यांच्या कामाची जगाला ओळख करून दिली. एका गावातल्या शिक्षकाची चिकाटी किती दूर पोचते, याचा हा आपल्याच राज्यातला दाखला आहे.

नियमांचा कागद, नाव आणि हक्क

नियम एका पानात बसावेत. क्रम असा ठेवा: किती खेळाडू, पट कसा, सुरुवात कशी, एका खेळीत काय करता येते, काय करता येत नाही, डाव कधी संपतो. खाली एका उदाहरणाचे चित्र काढा. प्रत्येक गोष्टीला एकच शब्द वापरा. एकदा ‘घर’ म्हटले की पुढे ‘खाना’ किंवा ‘चौकट’ म्हणू नका. नाव छोटे, तोंडात बसणारे असावे.

हक्कांविषयी स्पष्ट माहिती असावी. भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्यानुसार खेळ खेळण्याची पद्धत हा पेटंट मिळण्याजोगा शोध मानला जात नाही. त्यामुळे कुणी मोठ्या रकमेत ‘खेळाचे पेटंट’ मिळवून देतो म्हणाले तर सावध राहा. तुम्ही लिहिलेला नियमांचा मजकूर आणि काढलेली चित्रे यांवर मात्र तुमचा स्वामित्वहक्क (कॉपीराइट) असतो, आणि खेळाच्या नावाचा व्यापारचिन्ह म्हणून नोंदणीसाठी अर्ज करता येतो. खेळ विकायचा असेल तर १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोचे प्रमाणन लागते, तो नियम आधी पाहून घ्या. आणि घरात तान्ही मुले असतील तर चिंचोके, गोट्या त्यांच्या हाताबाहेर ठेवा. लहान वस्तू घशात अडकते.

शिक्षकांसाठी एक गोष्ट. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने गणिती विचार कोडी आणि खेळांतून शिकवण्यावर भर दिला आहे. त्यासाठी बाजारातला महागडा संच आणण्याची गरज नाही. वर्गाचे चार-चार जणांचे गट करा, प्रत्येक गटाला एक जुना खेळ द्या आणि एकच नियम बदलायला सांगा. आठवड्याने गटांनी एकमेकांचे खेळ खेळावेत आणि वहीतली निरीक्षणे वाचून दाखवावीत.

आणि सगळ्यांसाठी एक विनंती. घरातल्या, गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, लहानपणी ते जमिनीवर कोणता पट आखत होते. तो पट काढून घ्या, नियम त्यांच्याच शब्दांत लिहा, गावाचे नाव आणि तारीख घाला. त्यांच्यासोबत एक डाव खेळा. मग त्यातला एक नियम बदला आणि पुन्हा खेळा. या सुट्टीत एवढे जरी केलेत, तरी पारशिवनीच्या एखाद्या ओट्यावर एक जुना खेळ वाचलेला असेल आणि त्याच्याच शेजारी एक नवा आखलेला असेल.